मेस्मराइज म्हणजे काय

बाई गेल्या, हे त्यांच्या भाचीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी बिबवेवाडीच्या बसस्टॉपवर, त्यांच्याकडेच निघाले होते. बस आली, गेली... मी उभीच. नारायण पेठेत बाईंकडे अकरा वर्षं पोळ्या केल्या. शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि लहान मुलांसाठी इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहीत होत्या.

माझी शाळा चौथीनंतर सुटली. तेव्हापासून शिकलेल्या माणसांपुढे तोंड उघडायची लाज वाटायची. एकदा बाई वही घेऊन ओट्यापाशी आल्या. "मेस्मराइज. म्हणजे संमोहित करणे. कळलं?" मी मान हलवली. "काय कळलं?" मी पुन्हा नुसती मान हलवली. "अगं, मान हलवायला नंदीबैल पुरतो. हे पुस्तक चौथीच्या मुलांसाठी आहे. तुझी चौथी झालीय ना? मग तुला कळलं नाही तर चूक माझी."

ज्या चौथीची मला लाज, तीच बाईंना हवी होती! "नाही कळलं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. मग बाई स्टुलावर बसून सांगू लागल्या. फार पूर्वी एक डॉक्टर नजर रोखून, हात फिरवून रोग्यांना गुंगवायचा. त्याच्या नावावरून हा शब्द आला. आता मात्र असं व्हायला कुणी डॉक्टर लागत नाही. गाण्यानेही होतं, एखाद्याच्या बोलण्यानेही. "तुझं झालंय कधी असं?"

लग्नानंतर मी पहिल्यांदा मार्केट यार्डात फुलं घ्यायला गेले होते. झेंडूचे ढीग बघत अशी उभी राहिले, की मागून हमाल "ओ ताई, सरका की!" म्हणून ओरडत होता, ते ऐकूच आलं नाही. बाईंना हे सांगितलं. "मग फुलांनी तुला काय केलं?" लाटणं तसंच हातात धरून मी म्हणाले, "भारून टाकलं."

बाईंनी 'संमोहित करणे' खोडलं आणि माझा शब्द लिहिला. तोवर तव्यावरची पोळी करपली. "राहू दे, ती मी खाईन," म्हणाल्या. "अशा करपल्या तरी चालतील." पुढे रोज एक तरी शब्द त्या मला विचारायच्या. याबद्दल त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले.

परवा गुडघा दाखवायला गेले. डॉक्टर भराभर इंग्रजीत काही बोलले. पूर्वी "बरं" म्हणून उठले असते. या वेळी बसून राहिले. म्हटलं, "कळलं नाही, डॉक्टर. चौथी शिकलेल्या बाईला कळेल असं सांगा." त्यांनी कागद ओढला, गुडघ्याचं चित्र काढलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.