स्पॅनिश देवांच्या घरी ड्रॉइंगचे सर

माणूस जितका शहाणपणाचा आव आणतो, तितके किस्से त्याच्या अंगाला चिकटतात. मी बाभुळगावच्या शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, त्यामुळे माझ्या अंगावर बरेच आहेत. पण गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेला गेलो आणि तिथं एक म्युझियम पाहिलं, त्या एका दुपारनं उरलीसुरली कसरही भरून काढली!

निघण्याआधी मी गावभर सांगितलं होतं, "स्पॅनिश कला पाहाले चाल्लो." शेजारच्या मारोतरावांनी विचारलं, "पण सर, तुम्ही त अमेरिकेले चाल्ले न? स्पेनचं म्युझियम तिथं काहून?"

"पोरगी राह्यते त्या भागावर पहिले स्पेनचं राज्य होतं. तवाच्या वस्तू आहेत."

"अच्छा! म्हणजे साहेब गेले, सामान राह्यलं!"

हाच इतिहास मी त्यांना अर्धा तास सांगणार होतो.

*

आत शिरताच भिंतीवर एक झगझगीत नक्षीची चौकट दिसली. मी हात मागे बांधून बायकोला, सुमनला, लेक्चर सुरू केलं. "हे पाह्य, चांदीचं काम. राजघराण्यातलं असन."

मुलगी प्रिया खालची पाटी वाचून हळूच म्हणाली, "बाबा, टिन आहे. रिकामे डबे कापून केलंय."

सुमन म्हणाली, "त आपल्या माळ्यावर राजघराणं पडून आहे न!"

*

पुढे लाकडात कोरलेला शेतकऱ्यांचा संत होता. तो प्रार्थनेत गुंग आणि देवदूत त्याचं शेत नांगरतोय. सुमन शेतकऱ्याची लेक. ती बैलजोडीवर वाकली. "अवो, हा देवदूत काय करून राह्यला? जू मानेवर ठेवाचं सोडून शिंगाले बांधलं!"

"चुकला असन कलाकार," मी निकाल दिला.

प्रियानं तिथल्या म्हाताऱ्या गाइडबाईंना विचारलं. बाई एकदम खूश! स्पेनमध्ये जू शिंगांनाच बांधायचे, पण आजवर हे कोणी विचारलंच नव्हतं म्हणे. त्यांनी सुमनचा हात धरला आणि एकमेकींची भाषा येत नसताना दोघी अख्खी खोली बोलत फिरल्या. मागून मी, सुमनची पर्स धरून.

*

एका दारात सुमन चपला काढताना दिसली. "अवं, मंदिर नाही हे! लोकं काय म्हनतीन?"

तिनं बोट दाखवलं. खुर्चीवर बाळ येशू, पायाशी इवल्या जोड्यांची रांग. प्रिया म्हणाली, "हा लोकांच्या मदतीला पायी हिंडतो. जोडे झिजतात, म्हणून भाविक नवे आणून ठेवतात."

सुमन बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग म्हणाली, "देव असून पायी फिरते बिचारा. आन् तुमाले बजारात जायले गाडी लागते!"

मी गुपचूप बूट काढले.

*

शेवटच्या खोलीत टेबलावर कागद आणि रंग ठेवले होते. कोणीही बसावं, पाहिलेल्या देवाचं चित्र काढावं. आता कुठं माझा विषय आला! मायलेकींना बाहेर बाकावर बसवलं आणि बाह्या सरसावल्या. पाऊण तास खपलो. शेडिंग केलं, बोटानं रंग मिसळले, जीव ओतला.

त्या टेबलाची देखरेख करणाऱ्या बाई इतका वेळ दुसरीकडे होत्या, त्या आता परत आल्या. चित्र दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "ब्यूटिफुल!"

माझी छाती फुगली. त्यांनी ते भिंतीवर लावलं, खाली लिहायला पेन उघडलं आणि प्रेमानं मला विचारलं, "किती वर्षांची आहे नात?"

मी आजूबाजूला पाहिलं. मायलेकी अजून बाहेरच होत्या.

"नऊ," मी म्हणालो.