खाऱ्या मातीची वाट

आमच्या यांनी एकदा शब्द दिला की मग जिवाला चैन नाय. पेणकडचा माणूस, धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात बावीस वर्षं राबला. मिठागर बंद पडलं तेव्हा रोह्याला नदीकाठच्या बागेत माळी म्हणून लागला, नि मी झाडलोटीला. नाव पुंडलिक. पण मुकाट्याने सांगितलेलं तेवढंच काम करेल तो पुंडलिक कसला!

बागेशेजारी याकूबशेठचं कापडाचं दुकान. त्यांची मुनीरा तिशीतली. अपघातात पाय गेले, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. चार वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. बाहेर निघालं की पायरी येते, पायरी आली की चार बाप्ये धावतात नि खुर्चीसकट तिला पोत्यासारखी उचलतात. तिला त्याचा भारी राग. यांनी तिला सांगून टाकलं, "मी फाटकापासून नदीच्या कठड्यापर्यंत सपाट वाट करतो. तुला कोण हात लावणार नाय. माझा शब्द!"

वाट केली ती मिठागरातल्यासारखी. खाडीतली चिकण माती टेम्पोने आणली, पंधरा दिवस पायांनी तुडवली, फळीने धोपटली. सुकली तेव्हा लादीसारखी कडक झाली. मी म्हटलं, "अहो, वर शिमिट घाला." तर माझ्यावरच खेकसले, "मातीतलं मला शिकवतेस गो?"

वाटेच्या उद्घाटनाला बागेत पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलं, दमट वारं सुटलं. खारी माती ती, हवेतलं पाणी ओढून घेते. यांनी वाटेवर बोट दाबलं, तर बोट आत गेलं. यांच्या तोंडचं पाणी पळालं. राख पसरली, भुसा पसरला, तरी वाट मऊच. घडीघडी वाकून बोट दाबायचे नि आभाळाकडं बघायचे. "चार वाजता ती येणार सगुणा, काय करू?" माझ्या जिभेला हाड कुठं? म्हटलं, "घ्या आता मिठागर डोक्यावर!" मी बोलले नि लगेच मलाच वाईट वाटलं.

"निरोप धाडा, आज नको येऊ म्हणून," मी म्हटलं.

"आज नको म्हटलं तर ती परत कधी निघायची नाय," हे म्हणाले.

चार वाजता मुनीरा आली, आपल्या हातांनी चाकं ढकलत. दहा हात आली नि चाक रुतलं. झालं! मांडवातून चार जण धावले. तिचा चेहरा पांढराफटक पडला. हे आडवे आले नि ओरडले, "खबरदार कोणी हात लावाल तर!"

मग थेट मांडवात घुसले नि पाहुण्यांच्या व्यासपीठाच्या फळ्या उपसायला लागले. आमच्या बागेचा मुकादम कमळाकर बोंबलतोय, "कामावरून काढीन!" पाहुणे धडपडत खाली उतरतायत. मीही पदर खोचला. फळीचं टोक चाकापुढं खुपसलं, मुनीराने जोर लावला, खुर्ची वर चढली. ती पुढं सरकली की मागच्या फळ्या उचलायच्या, पुढं मांडायच्या. एकदा फळी घसरली, खुर्ची कलली. अगो बाय! मी फळी दाबून धरली. तिनं दात आवळून चाक सावरलं.

ती कठड्याला पोचली. कितीतरी वेळ नदीकडं बघत राहिली. तिच्या तळहातांची सालटी निघाली होती. ती बघून हे मटकन चिखलात बसले नि रडायला लागले. "चुकलो गो मुनीरा, माझंच चुकलं."

तिनं मान वळवली. "काका, रडताय काय? परतीच्या फळ्या मांडा. उद्या मला लवकर यायचंय."