बोटातल्या सऱ्या

जगातल्या प्रत्येक वस्तूला कड असते आणि ती बिनचूक आखली नाही तर वस्तू पळून जाते, असं मनापासून मानणारा एकच इसम धाराशिव जिल्ह्यात आहे, आणि तो नेमका माझा आतेभाऊ निघावा! ढोकीला घरी बसून तो पुण्याच्या कंपनीचं काम करतो. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या फोटोतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या कडा कॉम्प्युटरनं आपल्या आपण आखाव्यात, असा प्रोग्रॅम लिहितो. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकला की केसाहून बारीक वाहिन्या दिसतात म्हणे. त्यामुळं याच्या खिशात कायम खोबरेलाची बाटली आणि इवलासा सूक्ष्मदर्शक. खोटी कड त्याला खपत नाही. माझ्या बायकोला तोंडावर म्हणाला, "वहिनी, भाकरी डावीकडं चुकली." त्या दिवशी मला शिळी मिळाली.

माझ्या मुलीच्या हळदीत यानं खुद्द व्याह्यांच्या बोटाला तेल लावून ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यांना वाटलं, ही आमच्याकडची रीत असेल. बिचाऱ्यांनी मुकाट्यानं उरलेली नऊ बोटंही पुढं केली आणि त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड रांगेला लागलं. कॉम्प्युटरनं हळदीचे डागच वाहिन्या समजून आखले, जेवणं दोन तास लांबली आणि मी याच्याशी महिनाभर बोललो नाही.

पण त्याचा खरा जीव अडकला होता आत्याच्या, म्हणजे त्याच्या आईच्या बोटांत. थंडीत ती पांढरीफटक पडायची, ठणकायची. डॉक्टरकडं चल म्हणून यानं दोन हिवाळे विनवलं. आत्या थंडीवर ढकलून उसाला पाणी द्यायला निघून जायची. शेवटी यानं तिचंच बोट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पडद्यावर वाहिन्यांच्या कडा उमटल्या. हा आजाराचं इंग्रजी नाव सांगत बसला, आणि जन्मभर उसात दारं धरून सरीसरीला पाणी पाजलेली आत्या नुसती बघत राहिली.

"ह्या सऱ्या फुगल्यात," ती म्हणाली, "अन् ह्या तीन कोरड्याच हायत्या. पाणी चढंना की रं. आदी का न्हाय दावलंस?"

दुसऱ्या दिवशी ती आपणहून एसटीत बसली.

औषधानं ठणका थांबला. कोरड्या सऱ्या मात्र कोरड्याच राहणार, हे डॉक्टरांनी याला बाजूला घेऊन सांगितलंय. तरी दर रविवारी आत्या बोट पुढं करते आणि विचारते, "बघ रं, चढलं का पाणी?" माझ्या बायकोच्या भाकरीला माफ न करणारा हा माणूस पडद्याकडं बघत "चढतंय की," म्हणतो, आणि तिचा हात बराच वेळ सोडत नाही.