उकरलेला घट

नातवंडांनो, गेल्या महिन्यात एका रविवारी तिकडे परदेशात तुमच्याकडे सकाळ होती आणि इथे बीदरला मी जेवायला बसले होते. दादा, तू फोन टेबलावर उभा करून मला तुझ्या पुस्तकातली कविता वाचून दाखवत होतास. एक लहान मूल पहिल्यांदाच बाग करतं. ओळीत बिया लावतं. रोज सकाळी एक बी उकरून बघतं, उगवली का. नाही म्हणून पुन्हा पुरतं. शेवटी नुसते खड्डे उरतात आणि ते मूल त्या खड्ड्यांना पाणी घालत राहतं. खाली प्रश्न होता: या मुलाला कोणता धडा मिळाला? तू लिहिलं होतंस, धीर धरायला हवा. मी म्हणाले, "छान. पैकीच्या पैकी."

तेवढ्यात मागे काहीतरी आपटलं. कवितेबरोबर शाळेतून तुला घेवड्याच्या बिया मिळाल्या होत्या आणि तुझी कुंडी खिडकीत ठेवलेली होती. धाकटीने ती खाली ओढून सगळी माती गालिच्यावर उपसली होती. तुमची आई धावत आली. मला ती दिसली नाही, आवाज तेवढा आला. "किती वेळा सांगायचं गं तुला!" आणि फटका. मग दुसरा. तिसऱ्याला फोन आडवा झाला आणि मला तुमच्या घराचं छत दिसत राहिलं. धाकटी रडत नव्हती. मार बसल्यावर मुलांचा श्वास आत अडकतो आणि रडू बाहेर पडायला वेळ लागतो, तेवढा वेळ चालला होता. मग ती किंचाळली आणि तू फोन बंद केलास.

मी ताटावर बसून राहिले. उष्टा हात वाळून गेला.

दुसऱ्या दिवशी तुझ्याकडून त्या पानाचा फोटो मागवून घेतला, तो यासाठी. मी इथल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. अशा कविता किती शिकवल्या त्याला गणती नाही. मूल काय करतं, मूल का करतं, मुलाला काय कळलं, एवढंच मी विचारत आले. या वेळी फोटो कागदावर छापून घेतला, पेन्सिल घेऊन बसले आणि चौथ्यांदा वाचताना मला एक ओळ दिसली, जी तू वाचली होतीस पण मी ऐकली नव्हती. मुलाचा बाप खिडकीत उभा राहून बघतो. एवढंच. तो बाहेर येत नाही, ओरडत नाही, खिडकी लावूनही घेत नाही. आख्ख्या कवितेत कुणालाच मार बसत नाही. त्या ओळीखाली मी रेघ मारली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

आता तुमच्या आईचं सांगते. ती तेव्हा सहा वर्षांची होती.

आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. अंगण म्हणजे सगळा तांबडा जांभा दगड; पहार मारली तर ठिणगी उडायची. म्हणून नवरात्राच्या घटासाठी माझ्या सासूबाई हुमनाबादच्या पलीकडच्या आमच्या शेतातली काळी माती पिशवीत घालून एसटीने आणायच्या. तुम्ही घट पाहिलेला नाही. पत्रावळीवर माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, मध्ये पाण्याने भरलेलं मातीचं गाडगं ठेवायचं. पाणी झिरपतं आणि नऊ दिवसांत धान्य उगवून वर येतं. दसऱ्याला ते कोंब पुरुष टोपीत खोवतात, बायका केसांत. एकदा घट बसला की त्याला हलवायचं नाही, आणि उकरायचं तर कुणाच्या मनातही येत नाही.

आदल्या वर्षी माझा घट धड उगवला नव्हता. चार पिवळे कोंब आले आणि मान टाकून पडले. सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवलं होतं. "आमच्या मास्तरीणबाईनं घटाला इंग्रजीत सांगितलं जनू. कळालंच न्हाई त्येला." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि ते वर्षभर लक्षात ठेवलं.

म्हणून या खेपेला मी माती चाळणीने चाळली. गहू, ज्वारी, करडई, जवस निवडून रात्रभर भिजवलं आणि बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून पेरलं. तुमची आई शेजारी बसली होती. "मला पन पेरायचंय," म्हणाली. मी तिला पाच हरभरे दिले. तिने ते सगळे एकाच ठिकाणी, पत्रावळीच्या कडेला, बोट रुतेल तितके खोल खुपसले आणि वरून थापटलं. माझी सपाट केलेली माती तिथे फाटली.  ती खेळायला गेल्यावर डोक्यातला आकडा काढून पाचही हरभरे उकरून घेतले, धुतले आणि उसळीच्या पातेल्यात टाकले. त्या जागी गहू पेरून माती पुन्हा सारखी केली. रात्री ती उसळ तिनेही खाल्ली.

घट असा उगवला की सासूबाई बघतच राहिल्या. पाचव्या दिवशी हिरवंगार, दाट, सगळं एका उंचीचं. तुमची आई रोज कडेला नाक लावून बसायची. "माझे कुठायत?" "येतील. हात लावायचा नाही," असं मी म्हणायचे.

सहाव्या दिवशी शाळा सुटून मी घरी आले. सासूबाई उपासाने थकून पडवीत आडव्या झाल्या होत्या. तुमची आई देवासमोर बसली होती. गाडगं बाजूला काढून ठेवलेलं. माती जमिनीवर. आणि तिने एकूण एक कोंब मुळासकट उपटून वर्तमानपत्रावर ओळीत मांडला होता. आधी लहान, मग मोठे. पुस्तकं उंचीप्रमाणे लावायला मी तिला शिकवलं होतं, तसे. मला बघून तिचं तोंड फुललं.

"आई, बघ की! सगळ्यांला पाय आलेत!"

माझ्या खांद्याच्या पिशवीत सागवानी फूटपट्टी होती. शाळेत मी मारायचे. तेव्हा सगळेच मारायचे. पण माझा एक नियम होता: हातावर मारायचं आणि पट्टी सपाट धरायची, कडेवर कधीच नाही. या नियमाचा मला अभिमान होता. त्या दिवशी पट्टी कडेवर होती. पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, दुसरा पोटरीवर. तिला वाटलं मी चेष्टा करते आहे. ती हसतच उठायला लागली. मग तिने चेहरा झाकायला हात वर केला आणि मी त्या हातावर मारलं. पुन्हा त्याच जागी. पुन्हा. कोंबांवर पाय देऊन मारलं. तिने देव्हाऱ्याखाली शिरायचा प्रयत्न केला तर पाय धरून बाहेर ओढलं. वरून हवाई दलाच्या तळावरचं विमान गेलं, त्याच्या घरघरीत तिचं ओरडणं बुडालं आणि ते गेल्यावर परत वर आलं. मी ओरडत नव्हते, हे मला पक्कं आठवतं. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते, जसे वर्गात मोजायचे. किती झाले ते आठवत नाही.

सासूबाई धावत आल्या त्या सरळ मधे पडल्या. पुढचा फटका त्यांच्या हातावर बसला. काचेच्या बांगड्या फुटल्या, काच घुसली आणि रक्त मातीत ठिबकलं.

"अगे येडे! मरंल की लेकरू! सोड, सोड म्हनते न्हवं का!"

"आत्याबाई, तिने घट..."

"काय झालं घटाला? माती हाय ती! पुन्यांदा पेरू. मारायलीस कामून?"

 मी ज्यांना दाखवण्यासाठी घट उगवून आणला होता, त्यांना घटाचं काही वाटलंच नव्हतं. पट्टीचे दोन तुकडे झाले होते. एक माझ्या हातात होता. तुमच्या आईचं डावं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं.

दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कैसे लगा अम्मा बच्ची को?"

"पायरीवरून पडली," मी म्हणाले.

त्यांनी सासूबाईंच्या हाताला बांधलेल्या फडक्याकडे पाहिलं. सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "व्हय. तिला धरायला गेले, मी बी पडले." मग डॉक्टरांनी तुमच्या आईला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांचं मूल. आणि म्हणाली, "पायरीवरून."

परत येताना रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. प्लास्टर अजून ओलं होतं. ती म्हणाली, "आई, माझे हरभरे शोधले मी. सगळी माती बघितली. एक बी न्हाई."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी एका हाताने, चिरडलेले सोडून उरलेले कोंब पुन्हा मातीत रोवले. आल्यागेल्याला मांजराने घट उपसला म्हणून सांगितलं. तुमचे आजोबा दौऱ्यावरून आले त्यांनाही आम्ही पायरीचंच सांगितलं, आणि ते गेले तोवर त्यांना तेच ठाऊक होतं. तुमची आई कप डाव्या हाताने नीट धरू शकत नाही, त्यावरून तुम्ही दोघं तिची नक्कल करता. ते मनगट जुळलं, पण पुरतं वळत नाही.

माझ्या वडिलांनी मला कधी बोट लावलं नाही. शिक्षक होते, पण घरात आवाज चढवत नसत. तेव्हा ही सवय मी कुठूनतरी उचलली, असं म्हणायची सोयही मला नाही.

फोटो बघितल्यावर मी चार दिवस थांबले आणि तुम्ही शाळेत असाल अशी वेळ धरून तुमच्या आईला फोन केला.

"धाकटीला का मारलंस?"

"आई, आठवडाभर राबले होते मी. आणि तिनं सगळी माती गालिच्यावर केली."

"मातीसाठी?"

ती हसली. तिकडे इंग्रजीत राहून तिची भाषा पार बदलली आहे, पण रागावली की लहानपणाची बोली बाहेर येते. "कामून? मातीसाठी मारत न्हाईत का आपल्यात?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तू मला विचारायलीस? मी तर पायरीवरून पडले होते."

"तुला आठवतंय?"

"इकडं थंडी पडली की मनगट ठणकतंय, आई. आठवायचं न्हाई म्हटलं तरी ठणकतंय."

"मग इतक्या वर्षांत एकदाही बोलली नाहीस."

"तू बोलू दिलंस का? प्लास्टर निघाल्यावर रोज संध्याकाळी तेल लावायचीस मला. दार लावून. खोलीत आपण दोघीच. तेव्हा पन म्हणायचीस, बाळ, पायरीकडं बघून चालावं. कुनी ऐकायला नव्हतं, तरी म्हणायचीस. मला वाटायचं, खरंच पडले असंन."

हे मी विसरले होते. मार विसरले नव्हते. हे विसरले होते. ती बोलल्यावर तिळाच्या तेलाचा वास आला आणि माझाच आवाज ऐकू आला, किती मऊ, किती समजुतीचा. पट्टीने हाड मोडलं. या आवाजाने मी काय मोडलं ते मोजायला माझ्याकडे काही नाही.

मी म्हणाले, "मुलांना सांगू का? लिहून?"

तिने नळ सोडला. भांडी धुतल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "लिही. पण मी मारते ते पन लिही. मला झाकू नकोस. आणि तुझं ते सॉरीबिरी लिहायचं न्हाई. खरं काय ते लिही."

म्हणून लिहिते. पायरी नव्हती. मी मारलं. तुमच्या आईचं काही चुकलं नव्हतं. ती स्वतः पेरलेलं शोधत होती आणि ते मी आधीच काढून नेलं होतं. धाकटे, तुझंही काही चुकलं नाही. तू कुंडीत काय शोधत होतीस ते मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, किडा. ते उत्तर मला पटलं. दादा, "धीर" खोडू नकोस, गुण जातील. पण त्याखाली खिडकीतल्या बापाबद्दल एक ओळ लिही. काय लिहायचं ते तू ठरव.

माझा फोन नंबर तुमच्या आईनेच धाकटीला पाठ करून घ्यायला लावला. घरात कुणी हात उचलला तर तिने मला कळवायचं, असं आमचं तिघींचं ठरलं आहे. परवा दुपारी फोन आला.

"आज्जी, आईनी हात वर केला."

"मारलं?"

"नाही. वर केला आणि तसाच ठेवला. मग सिंकमध्ये प्लेट आपटली. फुटली."

"काचा कुणी उचलल्या?"

"आईनी. आम्हाला लांब उभं केलं. म्हणाली, पायात काही नाही तुमच्या, जवळ यायचं नाही."