धर्ममातेचे उपकार

पर्लिता डुमलाओच्या तोंडून कोणाची निंदा ऐकायची असेल तर माणसाने दुसरा जन्म घ्यावा. शेजारच्या कुत्र्याने तिची पोटरी धरली तेव्हाही ती म्हणाली, "बिचाऱ्याला सकाळपासून कोणी खायला घातलं नसेल." कॅलिफोर्नियातल्या आमच्या कार्सनमध्ये यावरून तिची भरपूर थट्टा होते. पण हाच गोड स्वभाव एकदा तिच्या गळ्याशी आला होता, आणि तिच्या एकटीच्या नव्हे, लेकीच्याही.

पर्लिता मूळची फिलिपिन्समधल्या इलोकोसची. नवरा समुद्रावर जायचा. तो तापाने बघता बघता गेला तेव्हा घरात शवपेटी आणायचीही ऐपत नव्हती. नेमकी त्याच दिवसांत सोफ्रोनिया कॅलिफोर्नियाहून खोकीच्या खोकी साबण आणि चॉकलेट घेऊन गावी आली होती. सोफ्रोनिया ही पर्लिताच्या एकुलत्या एका लेकीची, जोव्हेलिनची, धर्ममाता. बाप्तिस्म्याला पोरीला तिनेच हातात धरलं होतं. असं नातं जुळलं की त्या दोन बायका एकमेकींच्या कुमारे होतात, आणि मग त्यापुढे सख्खी बहीणही फिकी पडते. सोफ्रोनियाने पांढरी पेटी आणली, प्रार्थनेला येणाऱ्या सगळ्या गावाला जेवू घातलं आणि निघताना म्हणाली, "कुमारे, कार्सनला माझं म्हाताऱ्यांचं घर आहे. चल माझ्यासोबत. पोर शिकेल तुझी."

पर्लिताने तिचे हात कपाळाला लावले. माझं नशीब उघडलं, असं ती गावभर सांगत सुटली, आणि लेकीला मागे ठेवून निघाली.

कार्सनच्या त्या घरात सहा म्हातारे होते आणि त्यांचं करायला एकटी पर्लिता. रात्री ती दोन खोल्यांमधल्या बोळात चटई टाकायची, म्हणजे कोणीही हाक मारली तरी ऐकू जावं. म्हाताऱ्यांच्या ताटात उरलेलं ते तिचं जेवण. पासपोर्ट सोफ्रोनियाने 'नीट राहावा' म्हणून आपल्या कपाटात ठेवला होता. पगार तिकिटाचे पैसे फिटले की सुरू होणार होता, आणि ते काही फिटत नव्हते. जोव्हेलिनच्या कॉलेजची फी मात्र सोफ्रोनिया परस्पर भरायची आणि दर वेळी त्याची आठवण करून द्यायची. दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, कारण व्हिसा केव्हाच संपला होता. "पोलीस उचलतील तुला," सोफ्रोनिया काळजीच्या सुरात म्हणायची, "आणि मग मी गावात काय तोंड दाखवू?" लेकीला पाठवायचे फोटो दिवाणखान्यातल्या मखमली सोफ्यावर काढले जायचे. फोटो निघाला की उठायचं.

अशी तीन वर्षं गेली. मग घरातली एक म्हातारी अगदी शेवटाला आली आणि तिला अंघोळ घालायला बाहेरून एक बाई येऊ लागली. तिचं नाव व्हिसितासियोन, पण सगळं कार्सन तिला मानांग व्हिसी म्हणतं, म्हणजे व्हिसीताई. जिभेला हाड नाही, पण काळीज लोण्याचं. पहिल्याच दिवशी तिने पर्लिताच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"आदिंग," धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ती म्हणाली, "तुझी सुट्टी कधी असते गं?"

"सुट्टी कशाला हवी, मानांग? घरचंच तर काम आहे."

ही भाषा व्हिसीला पाठ होती. कधी काळी तीही एका घरात अशीच 'घरचं काम' करत होती.

डिसेंबरात नाताळाआधीच्या पहाटेच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, सुरू झाल्या. सलग नऊ पहाटे जो जातो त्याची इच्छा पुरी होते, असं आम्ही मानतो. व्हिसीने चर्चच्या पायरीवर, फादरच्या देखत, सोफ्रोनियाला गाठलं. "गाणाऱ्यांत एक आवाज कमी पडतोय. तुझ्या पर्लिताला पाठव ना. का, देवाच्या दारीही नाही पाठवायचं?" फादरसमोर सोफ्रोनिया काय बोलणार? पर्लिता पहिल्या पहाटेला आली, गायली, आणि व्हिसीने हाताला धरून नेलं तशी चर्चमागच्या दाराने तिच्या गाडीत बसली, ती परत गेलीच नाही. गाडीत तिला वाईट कशाचं वाटलं, तर उरलेल्या आठ मिस्सा बुडाल्या याचं! व्हिसीने स्टिअरिंगवर हात आपटला. "अगं, तुझं मागणं देवानं पहिल्याच दिवशी ऐकलं. आता उरलेल्या आठांत काय त्याला पिडणारेस?"

व्हिसीने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि अ‍ॅटर्नी ग्रेटाकडे नेलं. आमच्याकडे वकिलाला नुसत्या नावाने कोणी हाक मारत नाही, पुढे अ‍ॅटर्नी लागतंच. ग्रेटा अशा लोकांकडून छदामही घेत नाही. तिने शांतपणे समजावलं, की ज्यांना फसवून आणून, धाकात ठेवून राबवलं जातं त्यांच्यासाठी इथल्या सरकारचा वेगळा व्हिसा आहे. तो मिळाला की तुम्हाला उजळ माथ्याने राहता येईल, काम करता येईल आणि लेकीलाही आणता येईल. फक्त दोन गोष्टी हव्यात. जे घडलं ते खरंखरं सांगायचं आणि तपास करणाऱ्यांना मदत करायची. शिवाय लेकीला एकवीस वर्षं पुरी व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे. नंतर तिचं नाव घालता येणार नाही.

जोव्हेलिनला एकविसावं वर्ष लागलेलं होतं. वाढदिवस ईस्टरच्या सुमारास.

"मग सांगा," ग्रेटा म्हणाली. "ती तुम्हाला बाहेर जाऊ द्यायची का?"

"तिला माझी काळजी वाटायची."

"पासपोर्ट तिने काढून घेतला?"

"सांभाळून ठेवला. मी फार विसराळू आहे."

"झोपायला खोली होती?"

"बोळ हवेशीर होता, अ‍ॅटर्नी."

ग्रेटाने चष्मा काढून डोळे चोळले. असं एकदा नाही, महिनाभर चाललं. पर्लिता दर वेळी यायची, सोबत घरी केलेला तांदळाचा केक आणायची आणि सोफ्रोनियाचे गोडवे गाऊन जायची. शेवटी व्हिसीचा बांध फुटला.

"ताकाला येतेस आणि भांडं लपवतेस! बोल की एकदा!"

"माझ्या नवऱ्याला तिनं माती दिली, मानांग. खाल्ल्या मिठाला जागायचं नाही?"

"मीठ तिनं एकदा दिलं. पुढची तीन वर्षं तू आळणी जेवलीस, त्याचं काय?"

"नाही जमायचं मला. त्यापेक्षा मी गावी परत जाते."

आमच्या लोकांना कृतघ्न म्हणण्यापेक्षा चोर म्हणा, ते सोसतील. हे व्हिसीला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात व्हिसीच्या स्वयंपाकघरात जोव्हेलिनचा फोन आला. पोरगी आनंदाने नुसती चिवचिवत होती.

"आई, धर्ममाता आलीय गावात! तुझ्यावर जरा रागावलीय, पण मन किती मोठं बघ. म्हणते, आई सोडून गेली तर गेली, तुझ्या आईच्या जागी मी तुला नेते. तिकीटसुद्धा तीच काढणारे. पासपोर्ट मी तिच्याकडेच दिलाय, नीट राहावा म्हणून. आई, तिचे उपकार आपण कसे गं फेडायचे?"

हे शब्द पर्लिताचेच होते, जसेच्या तसे, फक्त तोंड लेकीचं होतं.

"जोव्हेलिन, सोफ्यावरचा माझा फोटो आहे ना तुझ्याकडे?" तिने विचारलं. "त्या सोफ्यावर मी फक्त फोटोपुरती बसले. झोपायचे बोळात. जेवायचे उष्टं. तीन वर्षांत एकदाही एकटी रस्त्यावर गेले नाही. मला जाऊ दिलं नाही गं तिनं."

पलीकडून बारीक आवाज आला. "आई, मला हे का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. आणि वाटायचं, बोलले तर मी वाईट ठरेन. ऐक, पासपोर्ट परत माग. नाही दिला तर हरवला म्हणून नवा काढ. तिला वाईट वाटलं तर वाटू दे."

'वाटू दे' हे ऐकून व्हिसीच्या हातातला चमचा खाली पडला.

दुसऱ्या दिवशी पर्लिता केक न घेता ग्रेटाकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. मध्येच थांबून तिने एकच हट्ट धरला. "नवऱ्याची पेटी तिनं आणली होती. तेही लिहा. तेही खरंच आहे." ग्रेटाने ते लिहिलं. पुढे तपास करणाऱ्या अधिकाऱ्यालाही पर्लिताने दोन्ही गोष्टी तशाच सांगितल्या. अर्ज वाढदिवसाच्या आत गेला. सोफ्रोनियाने शेवटी गुन्हा कबूल केला, म्हातारे चांगल्या ठिकाणी हलवले गेले आणि गावाने पर्लिताला कृतघ्न ठरवून टाकलं. पर्लिता रडली, पण शब्द मागे घेतला नाही. मला विचाराल तर त्या गावात तिच्याइतकं उपकार जाणणारं दुसरं माणूस नाही. सोफ्रोनियासाठी ती आजही मेणबत्ती लावते.

वाट पाहण्यात वर्षामागून वर्षं गेली. मग व्हिसा आला, आणि त्यामागून जोव्हेलिनही आली. त्या रविवारी पर्लिताने आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत व्हिसीला आणि ग्रेटाला जेवायला बोलावलं. आंबट मासा, भात, कुरकुरीत तळलेलं डुकराचं मांस, काही बाकी ठेवलं नाही. ग्रेटाला तिने इतक्यांदा वाढलं, की ती बिचारी हात जोडू लागली.

दोघी गेल्यावर जोव्हेलिन भांडी घासायला उभी राहिली. जरा वेळाने तिने हळूच विचारलं, "आई, अ‍ॅटर्नीचं घर मोठं आहे का गं?"

"का?"

"एवढं केलं तिनं आपल्यासाठी. मी तिच्याकडे किती वर्षं काम करायचं?"

पर्लिताने लेकीचे फेसाने भरलेले हात तसेच आपल्या हातांत धरले.

"एक दिवसही नाही, बाळा. तिला काही नकोय."

"मग फेडायचं कसं?"

"थँक्यू म्हणायचं," पर्लिता म्हणाली, "आणि आपल्या घरी यायचं."