खंडेनवमीला काढलेली जाळी

स्टोव्हमधलं रॉकेल संपत आलं होतं. मी तो विझवला आणि पितळी टाकी गार होईपर्यंत कोथिंबीर निवडत बसले. पेटत्या स्टोव्हात रॉकेल ओतायचं नाही, हा आमच्या घरातला माझा कायदा. हे आंघोळ करून चहाची वाट पाहत होते, आणि त्यांनाही त्या कायद्यातून सूट नव्हती. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली.

दारात भामा उभी होती. उजवा हात पदराखाली. डाव्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेल्या वालाच्या शेंगा.

“वयनी, बसू का वाईच?”

दोन महिन्यांनी मी तिला पाहत होते. मुंबईच्या इस्पितळातून ती घरी आल्याचं कळलं होतं. कळंबोली काही लांब नाही, पण मी गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ, असं स्वतःला सांगत होते.

आमच्या भाताच्या गिरणीत भामा कोंडा झाडायची. ‘आमच्या’ म्हणायची आपली सवय. गिरणी शेठची, शेठ मुंबईला, आणि हे इथे मॅनेजर. भामा मूळची उरणकडची, मिठागरात वाढलेली. लग्न होऊन कळंबोलीला आली. नवरा बळीराम अजून मिठावर जायचा, त्यात भागेना, म्हणून ही गिरणीत आली. त्याला दहा वर्षं झाली असतील. गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा, पदर कमरेला दोन वेढे देऊन खोचलेला, हातात मोळाची केरसुणी. मूठभर कोंडा तळहातावर घेऊन ती सांगायची, “महादेव, तुजा यंत्र आज तांदूल खातंय.” आणि आमचा फिटर महादेव, ज्याने आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, तो इंजिन थांबवून आत बघायचा. निघायचंही तसंच.

इंजिन कोणी उगाच थांबवत नसे, कारण ते पुन्हा चालू व्हायला अर्धा तास घेई. त्यामुळे पट्टा उतरला की महादेव तो फिरत्या चाकावरच काठीने चढवायचा. त्याच्या डाव्या करंगळीचं पेर त्यातच गेलेलं. “तेवढा गिरणीचा नैवेद्य,” असं म्हणून हसायचा, आम्हीही हसायचो. भामा फिरत्या चाकाखालूनच झाडायची. इंजिनाला ती सासू म्हणायची. “सासू बडबडतेय तवर बरं. गप झाली का समदे धावतात.”

घरात पेटत्या स्टोव्हात रॉकेल ओतणाऱ्या बाईला मी मूर्ख म्हटलं असतं. गिरणीत फिरत्या चाकाखाली झाडणाऱ्या बाईला मी दहा वर्षं कामसू म्हणत आले.

चाकाला एक लोखंडी जाळी होती, तेवढाच काय तो आडोसा. झाडू चाकापर्यंत पोचू नये इतपत ती पुरे.

खंडेनवमीला गिरणीतल्या यंत्रांची पूजा माझ्या हातून व्हायची. त्या वर्षी मी झेंडूचा मोठा हार केला होता, आणि तो जाळीवर नीट बसेना. चाकावर स्वस्तिक काढायला हातही आत जाईना. मी महादेवला म्हटलं, “ही काढा हो जरा. पूजा चाकाची करायची की पिंजऱ्याची?” सगळे हसले. त्याने चार बोल्ट काढले, जाळी भिंतीशी टेकवून ठेवली. पूजा छान झाली. संध्याकाळी तो जाळी बसवायला निघाला तर मीच म्हटलं, “राहू द्या दिवाळीपर्यंत. स्वस्तिक दिसतंय तर दिसू दे.”

दिवाळी झाली. भात कापून झालं, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत आली, आणि जाळी भिंतीशीच राहिली. तिच्यावर कोणी रिकामी पोती वाळत घातली.

कार्तिकातल्या एका दुपारी भामाची केरसुणी पट्ट्यात गेली. केरसुणी सोडायला माणसाला वेळ लागतो. तिची चार बोटं आणि अर्धा तळवा गेला.

कारखाने तपासणाऱ्या सरकारी कचेरीला अपघाताचा खुलासा इंग्रजीत पाठवायचा होता. मी कॉलेजात शिकलेली, माझं इंग्रजी ह्यांच्यापेक्षा बरं. हे म्हणाले, “जाळीचं लिहिलं तर शेठ मला घरी बसवतील. पदर सैल होता, असं लिही. कोण बघायला येतंय?” मी लिहिलं. साडेतीन ओळी, वळणदार अक्षरात. कामगार बाईचा पदर सैल असल्यामुळे अपघात झाला.

आणि आता ती मागच्या दाराच्या ओट्यावर बसून शेंगा माझ्या परातीत ओतत होती, डाव्या हाताने, एकही खाली न सांडता.

“कशी आहेस?” मी विचारलं. याहून मूर्ख प्रश्न मला सुचला नसता.

“हाय की. भाकरी थापता येत नाय, बाकी हाय.” मग म्हणाली, “जनी लागलीय माज्या जागेवर. माजी जाऊ. परवापासून. मी नको म्हनाले, तर म्हनते, घरातला एक हात कमी झालाय, कोनतरी जाया पायजे.”

“जाळी बसवली का?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तुमाला ठाव नाय?”

मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, म्हणूनच तर इतके दिवस विचारलं नव्हतं.

“भामा, ती जाळी मी काढायला लावली.”

“मी तितंच व्हते ना. तुमच्या हारातली फुलं मीच झाडली.”

“मग इतके दिवस कोणाला सांगितलं का नाहीस?”

“तुमचं नाव घेऊन बोटं येनार व्हती?” ती डाव्या हाताने शेंगा निवडत म्हणाली. “पन महादेव सांगत व्हता, कागदात पदराचं लिवलंय. कोनी लिवलं ते त्याला ठाव नाय. वयनी, तुमी दहा वर्षं बघताय. माजा पदर कंदी सुटला व्हता?”

“नाही,” मी म्हटलं. “ते मी लिहिलं.”

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त शेंगा निवडणं थांबवलं.

मी पायात चपला घातल्या. हे आतून म्हणाले, “चहा?” मी म्हटलं, “गिरणीत चला आधी. जाळी बसवायची आहे.”

“आत्ता? पन्नास पोती बाहेर पडलीत.”

“पडू देत. तो कागद मी पुन्हा लिहिणार आहे, खरा. त्यात जाळी बसवली असं लिहू, की अजून भिंतीशी आहे असं लिहू, तेवढं तुम्ही सांगा.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावर बसलेल्या भामाकडे, आणि टोपी घेतली.

गिरणीत जनी चाकाखाली वाकून झाडत होती. वीस-बावीसची असेल. भामासारखाच पदर दोन वेढे खोचलेला. ह्यांनी हात वर केला आणि महादेवने इंजिन बंद केलं. गिरणी गप्प झाली तसे रांगेतले गाडीवाले आत येऊन बघू लागले. मी पोती बाजूला करून जाळी धरली. एकटीला उचलेना. दुसऱ्या बाजूने जनीने धरली.

चाकावर माझं स्वस्तिक अजून पुसट दिसत होतं. महादेवने चौथा बोल्ट आवळला, जाळी हलवून पाहिली.

आमच्या मागोमाग आलेली भामा दाराशीच उभी होती, आत आली नाही. मी तिच्याजवळ गेले.

“कागद लिवाल तो लिवा,” ती म्हणाली. “माजं एकच सांगनं हाय. येत्या खंडेनवमीला कुंकू जाळीलाच लावा, वयनी. जाळी काढू नका.”