चाचांचा ओलावा

दिग्रसच्या आमच्या दवाखान्यात गोळ्या संपायच्या, किस्से कधी संपले नाहीत. कापसाचे दिवस वाईट होते तेव्हा. मी ईसीजी काढायचो. कमजोर हृदयाचे पेशंट शोभासिस्टर सांभाळायच्या. मीठ कमी, पाणी मोजून, रोज सकाळी वजन. अंगात पाणी साचलं की आधी वजन वाढते, मग दम लागते, हे त्या एकेकाले दहादा सांगायच्या.

*

आर्णीच्या एक काकू सुजलेले पाय घेऊन आल्या.

"मीठ सोडलं होतं ना?"

"सोडलं न बाई. आता लोणच्यावरच भागवतो."

*

नेरचे एक रिटायर हेडक्लार्क. दिवसाले दीड लिटर पाणी, बाटलीनं मोजून. तरी पाय फुगलेले.

"चहा किती घेता?"

"सहा कप. पण तो पाण्यात नाही धरला मॅडम. तो वेगळ्या हेडखाली आहे."

*

मले एक खोड होती. पेशंट काट्यावर चढला की मागून हळूच पायाचा अंगठा टेकवायचा. एकदा हेडक्लार्कसाहेबाले असंच दोन किलोनं वाढवलं. सिस्टरनं नुसतं चष्म्यावरून पाह्यलं, तर साहेबानं भाचीच्या लग्नातले पापड, भजे, मठ्ठा, सगळं कबूल केलं.

सिस्टर मले म्हणाल्या, "अंगठा काढ." मग साहेबाकडे वळून, "हं, मठ्ठा किती गिलास?"

*

रहीमचाचांनी जन्मभर जिनिंगमध्ये कापूस मोजला. माल ओला दिसला की ओलाव्याचे किलो वजनातून कापायचे आणि उरलेलंच वहीत मांडायचे. त्या वर्षी माल येतच नव्हता, मोठा काटा रिकामा पडून. चाचा रोज सकाळी जाऊन त्यावर स्वतःलेच मोजायचे आणि वहीत लिहायचे.

सिस्टरनं बजावलं होतं, "दोन किलो वाढले की निघून यायचं. वाट पाहायची नाही."

वहीत रोज बासष्ट. एकदम सरळ रेघ. सिस्टर ती वही बाकीच्यांले दाखवायच्या.

मग एका सकाळी चाचीनं त्यांले ऑटोत घालून आणलं. धड बोलता येईना. रात्रभर बसून काढली होती म्हणे. आमच्या काट्यावर भरले पासष्ट. माझा अंगठा त्या दिवशी काट्यापासून दूर होता.

सिस्टरनं वही उघडली. आजचंही बासष्ट.

"चाचा, तुमचा काटा बिघडला का?"

चाचाले तेवढ्या दमातही राग आला. "काटा... बरोबर आहे. पाय ओले दिसत होते. सोमवारी एक किलो ओलावा कापला. बुधवारी दोन. आज तीन."

सिस्टरनं वही मिटली आणि पाणी उतरवायचं इंजेक्शन भरलं. चाची दाराशी तसबीहचे मणी ओढत बसली.

पाचव्या दिवशी चाचा चालत आले. काट्यावर चढायच्या आधी वळून माझ्या पायाकडे पाह्यलं. मी दोन पावलं मागं सरकलो. मग चढले.

"बासष्ट," सिस्टर म्हणाल्या, आणि पेन हातात धरून थांबल्या.

चाचांनी खाली वाकून स्वतःची नडगी बोटानं दाबून पाह्यली. खड्डा पडला नाही.

"लिहा सिस्टर. माल कोरडा आहे."